पोथी चालू आहे

मावशी,

तुझ्या फोटोसमोरचं गाठोडं उचलून मी पलंगावर आणून ठेवलं आहे. लाल कापड तेच. तुझ्या नणंदेनं त्यावर हळद वाहिली होती, तिचा डाग पडलाय. दुपारचे अडीच वाजलेत. दाराला कडी घातली आहे, पंखा तीनवर आहे, आणि गाठ सोडायला हात धजत नाही. उद्या अकरा वाजता धरमपेठेत डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे. नंबर तूच लावलास आणि "मी येतो ना संगं" म्हणून मोकळी झालीस. आता तुला जाऊन अठरा दिवस झाले. मला फार भीती वाटते आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे धीटपणाचं सोंग करावं लागणार नाही.

लोकांच्या लेखी या गाठोड्यात पोथी आहे. खरं काय आहे ते तुला नि मला माहीत. चार प्लॅस्टिकच्या कांड्या, एकीपेक्षा दुसरी जाड. जेलीची ट्यूब. तळहाताएवढा आरसा. दोन वर्षांपूर्वी परराज्यातल्या एका दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं. जन्मदाखल्यावर मी मुलगा होते, आतून कधीच नव्हते, आणि त्या सर्जनांनी माझ्या शरीरात बाईचा योनिमार्ग तयार केला. सुट्टी देताना त्यांनी ही थैली हातात दिली आणि सांगितलं, ही नवी वाट शरीराच्या दृष्टीनं एक जखमच आहे, शरीर ती मिटवायला बघणार. म्हणून कांडी आत ठेवून पंचवीस मिनिटं पडून राहायचं. पहिले तीन महिने दिवसातून तीनदा, मग दोनदा, मग एकदा, पुढे आठवड्यातून काही वेळा. पण सोडायचं नाही, जन्मभर. तो शब्द ऐकून मी तुझ्याकडे पाहिलं. तू सर्जनांना विचारलंस, "जेवणाच्या आधी का मंग?"

मला तेव्हा तुझी लाज वाटली होती. आता वाटतं, त्या खोलीत कामाचा प्रश्न तेवढा तूच विचारलास.

आईबाबांनी फोन उचलणं बंद केलं तेव्हा तू, आईची थोरली बहीण, नागपूरजवळच्या वाडीतल्या आपल्या दोन खोल्यांपैकी एक रिकामी करून दिलीस. ट्रंक बाहेर, मी आत. मागे गोदामं, पुढे ट्रकांची रांग, मी तिथंच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायला लागले. तू लकडगंजातल्या बाळंतपणाच्या दवाखान्यात तीस वर्षं आया होतीस, नुकतीच सुटली होतीस. तुला हाताला काम हवं होतं आणि मला कुणीतरी हवं होतं.

पहिल्या महिन्यात मी "मी जेवते, मी झोपते" असं तोलूनमापून बोलायचे. एखादा "तो" तोंडातून निसटू नये म्हणून जीव मुठीत. तू पोळ्या लाटता लाटता ऐकत होतीस. म्हणालीस, "काहून वं रेवा, पुण्यावरून आली का तू?"

मी म्हटलं, "मावशी, बाई 'जाते' म्हणते."

"बासष्ट वर्सं झाली, मी 'जातो' म्हणून राहिली, 'खातो' म्हणून राहिली. मले कोणी माणूस म्हटलं का?"

तुझं खरंच होतं. आपल्याकडच्या सगळ्याच बाया मी येतो, मी जातो म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण तुम्हाला ते चालतं मावशी. मी म्हटलं की ऑफिसातली माणसं मान वर करून बघतात. हे मी तुला चिडून ऐकवलं होतं. तू नुसती तव्यावरची पोळी उलटलीस. ते भांडण तिथंच राहिलं.

ऑपरेशननंतर घरी आणून तू मला सरळ बाळंतीण करून टाकलंस. तुला दुसरं काही येतच नव्हतं. डिंकाचे लाडू, शेपाचं पाणी, कानाला फडकं, दाराला पडदा. शेगडी पेटवून पलंगाखाली सरकवायला निघालीस तेव्हा मी ओरडले, डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नाही म्हणून. "डागदरानं लाडू बी नव्हते सांगितले, ते बरे खाल्ले," म्हणालीस, आणि तोंड फुगवून निखारे विझवलेस. मात्र टाके तुला कळत. माझी खाली बघायची हिंमत नव्हती, सगळं सुजलेलं, काळंनिळं, परक्याचं. तू मोबाइलचा उजेड धरून रोज पाहायचीस आणि बातम्या दिल्यासारखं सांगायचीस. "उजवीकडची सूज उतरली. डावीकडचा टाका ओला आहे. वास नाही." वास नाही हे ऐकलं की मला चहा प्यावासा वाटायचा.

मग सव्वा महिना झाला.

त्या दिवशी तू मला न्हाऊ घातलंस, नवी साडी दिलीस, ओटी भरलीस आणि कांड्यांची थैली ट्रंकेत टाकून कुलूप लावलंस. "झालं. उठली तू आता. हे बंद." तुझ्या तीस वर्षांत प्रत्येक बाई सव्वा महिन्यानं उठली होती, मीही उठणार यात तुला शंका नव्हती. मला कागदावरचं ठाऊक होतं. तीन महिने, दिवसातून तीनदा, स्पष्ट लिहिलं होतं. पण इतकं दुखायचं मावशी, की तुझं खरं मानणं मला सोयीचं गेलं. नऊ दिवस मी मजेत राहिले. दहाव्या दिवशी कसंतरी वाटलं म्हणून थैली मागून घेतली, तर सगळ्यात बारीक कांडीही जाईना. फोनवर सर्जन रागावले. तू माझ्यामागे उभी राहून ऐकत होतीस, पदर तोंडाशी धरून. पुन्हा पहिल्या मापावर यायला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे मी उशी दातात धरून काढले.

तू स्वयंपाकघरात एवढंच म्हणालीस, "म्या चुकली वं. माह्या हातून कोण्या बाळंतिणीचं असं नव्हतं झालं." तेव्हा मी म्हणायला हवं होतं की मावशी, मला माहीत होतं, मी मुद्दाम गप्प बसले. नाही म्हटलं. तुझ्या एकटीच्या माथी राहू दिलं. दोन वर्षं राहू दिलं, आणि आज सांगते आहे तर ऐकायला तू नाहीस.

त्यानंतर मात्र तू घड्याळ घेऊन बसायला लागलीस. सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी पलंगावर, तू दाराशी पाट टाकून, मेथी निवडत. "दहा झाले. पंधरा झाले. श्वास सोड, दात नोको खाऊ. पाच मिनिटं राहिले." आणि एका दुपारी शेजारच्या कुसुमकाकूंनी दार वाजवलं. काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आख्ख्या चाळीला माहीत. मी आत गारठले. तू दार चार बोटं उघडून शांतपणे म्हणालीस, "थांब वं कुसुम, तिची पोथी चालू आहे."

पोथी चालू असताना कुणी मधे बोलत नाही, आत डोकावत नाही. काकू पाय न वाजवता परत गेल्या. तू वळलीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला हसू फुटलं, आणि हसल्यावर फार दुखलं. दुसऱ्या दिवशी तू थैली लाल कापडात बांधून देवाशेजारच्या फळीवर ठेवलीस. ऑफिसातून फोन आला, पोथी चालू आहे. घरमालकीण आली, पोथी चालू आहे. चाळीत माझी किंमत वाढली. एकीनं विचारलंही, कोणती पोथी वाचते हो पोरगी, संपत कशी नाही? तू म्हणालीस, "मोठी आहे. जल्मभर पुरते."

तू होतीस तोवर "जन्मभर" हा शब्द मला इतका मोठा वाटला नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी कांडीला रक्त दिसलं. थेंबभर, मग दर वेळी थेंबभर. तू उजेड धरलास, पण इतक्या आतलं तुलाही दिसेना. "दाखव," म्हणालीस. मी नाही म्हटलं. का, ते तुला माहीत होतं. मागच्या वर्षी लघवीची जळजळ झाली तेव्हा एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. तिथल्या डॉक्टरनं बघितलं, थांबा म्हणाला, आणि आणखी तिघांना बोलावून आणलं. चौघं वाकून बघत होते. एकानं माझं जुनं नाव विचारलं. जळजळीबद्दल कुणीच विचारलं नाही. तू पुढे झालीस, माझ्या अंगावर चादर ओढलीस आणि म्हणालीस, "खेळ संपला, चाला आता." मी ठरवलं, यापुढे नागपुरात कुणासमोर पाय पसरायचे नाहीत.

रोज तेच भांडण. तू सर्जनांना फोन लावायला लावलास. ते म्हणाले, आत जखमेचं मांस वाढलं असेल तर औषध लावून जातं, पण तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, तिथल्याच कुणाला दाखवा. मी फक्त "सांगता येणार नाही" एवढंच ऐकलं. कॅन्सर, पुन्हा ऑपरेशन, सगळं डोक्यात येऊन गेलं. तू तुझ्या जुन्या दवाखान्यात फोन करकरून एक डॉक्टरीणबाई शोधल्यास. त्या तुला म्हणाल्या, मी असा पेशंट पाहिलेला नाही, पण तुमच्या सर्जनशी आधी बोलून घेईन, मग या. मी म्हटलं, बघ, तिलाच येत नाही. तू म्हणालीस, "नाही येत म्हणते, म्हणून तर चांगली आहे. ज्याईले सगळं येते, थे चार झण बोलावतात."

बरोबर होतीस. पण मावशी, त्याच दोन महिन्यांत तुझा डावा हात दुखत होता ना? जिना चढताना तू मधेच थांबायचीस आणि कठडा पुसत असल्याचं दाखवायचीस. विचारलं तर "गॅस झाला वं" आणि ओव्याचं पाणी. माझ्या एका थेंबासाठी तू गावभर फोन केलेस आणि स्वतःची छाती दाबून बसलीस. तीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई तू. मला इतका राग आहे तुझा, की तेरवीच्या पंगतीत मी तुझ्या आवडीची वांग्याची भाजी वाढलीच नाही, दुसऱ्या कुणाला तरी वाढायला लावली. त्या सकाळी चहा ठेवायला उठलीस आणि गॅसपाशीच बसलीस, ती पुन्हा उठलीच नाहीस. पातेल्यातलं पाणी उकळत होतं.

पुढचे तेरा दिवस ऐक. तुझी नणंद सुशीलाबाई काटोलहून आली, सोबत अकरा माणसं. ती मला नावानं हाक मारत नाही, "ए" म्हणते, हे तुला माहीत आहे. पहिल्याच दिवशी तिनं फळीवरचं लाल गाठोडं पाहिलं आणि गहिवरली. "वहिनीची पोथी." सुतकात पोथी उघडत नाहीत, म्हणून तिनं ती न उघडता कापडासकट तुझ्या फोटोशेजारी, दिव्याजवळ ठेवली. लोक येत होते, फोटोला हात जोडत होते आणि जाता जाता गाठोड्यालाही डोकं टेकवत होते. तू असतीस तर तोंडात पदर कोंबून मोरीत पळाली असतीस. मी मात्र दिवस मोजत होते. एक, दोन, पाच, नऊ. नऊला काय झालं होतं ते मला माहीत होतं. गाठोड्याजवळ सतत कुणीतरी बसलेलं, दिवा विझू नये म्हणून. आणि काढून घेतलं असतं तरी बारा माणसांच्या दोन खोल्यांत पडणार कुठं?

चौदाव्या दिवशी सकाळी त्यांच्या पिशव्या भरल्या. सुशीलाबाईनं गाठोड्याला हळदकुंकू वाहिलं आणि पिशवीत घातलं. म्हणाली, "वहिनीची पोथी आता कोण वाचते? जाता जाता नदीले शिरवून टाकतो." नदीत सोडणार होती मावशी. माझं शरीर उघडं ठेवणारी तेवढी एक वस्तू, ती सोडणार होती. आणि मी काय सांगणार होते? मी भिंतीला टेकून उभी राहिले.

चहाचे कप उचलायला कुसुमकाकू आल्या होत्या. त्यांनी पिशवीत हात घातला आणि गाठोडं काढून घेतलं. "हे नोका शिरवू बाई. ही शांताबाईची नाही, पोरीची पोथी आहे. तिले रोज लागते." त्यांनी ते माझ्या हातात दिलं. देताना आतल्या कांड्या खडखडल्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग कपांकडे पाहिलं, आणि कप घेऊन निघून गेल्या.

तेरा दिवसांचा दोष मी सुशीलाबाईला देईन. पण त्यानंतरचे चार दिवस घर रिकामं होतं, गाठोडं समोर होतं, आणि मी ते परत फोटोशेजारी नेऊन ठेवलं. रोज म्हटलं, उद्या. गाठच सोडली नाही, तर वाट मिटलेली असली तरी मला कळणार नाही. हाही सव्वा महिनाच झाला एक प्रकारे, आणि या वेळी चूक तुझ्यावर टाकता येत नाही.

सोडते आता गाठ.

संध्याकाळचे पाच वाजले. सांगते. एक नंबरची गेली. आधी गेली नाही, मग तुझ्या आवाजात स्वतःलाच म्हटलं, दात नोको खाऊ, श्वास सोड, तेव्हा गेली. दोन नंबरची अर्ध्यावर अडली. मागच्या महिन्यात मी तीनवर होते. जोर लावायचा नाही हे सर्जनांचं सांगणं आठवलं, तशीच धरून ठेवली. कांडीवर रक्त होतं, थेंबापेक्षा जास्त. उजेड कुणी धरणार नव्हतं, म्हणून मोबाइल गुडघ्यांत धरला, आरसा एका हातात, तर आरशात नुसता गुडघाच दिसत होता. उद्या त्या बाई काय म्हणतील? वाट गेली म्हणाल्या तर? पन्नाशीत, साठीत आजारी पडले, हात हलेनासे झाले, तर कुणाला सांगणार मी की एवढं घाला आणि पंचवीस मिनिटं थांबा?

तेवढ्यात दार वाजलं. माझे पाय आखडले. सिलिंडरवाला असावा, आणखी कुणी असावं, कडी जोरात हलली. मी आवाज देणार तर काय देणार? पोथी चालू आहे हे सांगणारी दाराशी पाटावर बसलेली असायची, आणि पलंगावर पडलेलीनं ते ओरडून सांगायचं नसतं.

मग बाहेरून कुसुमकाकूंचा आवाज आला, अगदी सावकाश. "थांबा ना भाऊ. तिची पोथी चालू आहे. अर्ध्या घंट्यानं या."

मी रडले मावशी. कांडी तशीच धरून, पंचवीस मिनिटं पूर्ण होईपर्यंत रडले.

चार वाजता काकू पातोडीची भाजी घेऊन आल्या. वाटी देता देता म्हणाल्या, "उद्या किती वाजता निघाचं?"

"कुठं?"

"धरमपेठले."

मी वाटी ओट्यावर ठेवली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पोथी काही खडखड वाजत नाही बाई," काकू म्हणाल्या. "आन् पोथी वाचता वाचता 'पाच मिनिटं राहिले' असं कोणी म्हणते का? भिंतीतून सगळं ऐकू येते." मग पदरानं ओट्याचा कोपरा पुसत म्हणाल्या, "भेऊ नोको. मी येतो संगं. बाहेर बसीन. बोलावलं तर आत येईन, नाही तर नाही."

दोन वर्षं. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून आपण दोघी जिच्यापासून लपत होतो, तिनं दोन वर्षं हे तोंडात धरलं होतं. धरमपेठचं तूच सांगितलं होतंस का तिला? मला न विचारता? सांगितलं असशील तर मला राग यायला हवा आणि मी तुझ्याशी भांडायला हवं. काकूंना विचारता आलं असतं, पण विचारलं नाही.

आता सकाळचे दहा वाजत आलेत. रात्री झोप लागली नाही, उगीच खोटं कशाला लिहू. सकाळी पुन्हा केलं, दोन नंबरची तिथंच अडली. सर्जनांचे कागद घेतले. गाठोडंही पिशवीत घेतलं, बाई म्हणाल्या होत्या सोबत आणा म्हणून. जुनं नाव विचारलं तर काय सांगायचं ते तीनदा आरशासमोर म्हणून पाहिलं. तिथं चार जण आले तर "खेळ संपला" म्हणायला माझा आवाज निघेल की नाही, मला माहीत नाही. वाट किती उरली आहे, तेही माहीत नाही.

आणखी एक. त्या नऊ दिवसांत मला ठाऊक होतं. तू चुकली नव्हतीस, आपण दोघी चुकलो होतो.

काकू खालून हाका मारताहेत, "चाल वं रेवा, ऑटो उभा आहे." दिव्यात तेल घातलं. कुलूप हातात आहे.

मावशी, मी येतो.